क्रेडिट खराब आहे. वीज-गॅसची कंपनी बदलता येईल का? ब्रिटनमधल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, मुलांच्या वाढदिवसाला, कुठेही चार मराठी घरं जमली की कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, "अहो, तुमचं वीजबिल किती येतं? आमचं फारच येतंय, कंपनी बदलायची आहे, पण माझं क्रेडिट जरा..." वाक्य तिथेच थांबतं. इथे क्रेडिट, म्हणजे उधारी आणि बिलं फेडण्याची नोंद, खराब असणं ही लोकांना लपवायची गोष्ट वाटते. माझंही एकदा खराब झालं होतं, त्यामुळे मला ते थांबलेलं वाक्य लगेच कळतं. तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतोय. हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं आहे.

क्रेडिट खराब असलं तर सप्लायर बदलता येतो की नाही?

येतो. पण आधी एक गल्लत दूर करू, कारण निम्मे लोक तिथेच अडकतात. "क्रेडिट खराब असणं" आणि "सध्याच्या सप्लायरची थकबाकी असणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट नवा सप्लायर बघतो. दुसरी जुना सप्लायर बघतो. क्रेडिट खराब असलं तर नवा सप्लायर फार तर म्हणेल की अनामत द्या किंवा प्रीपेमेंट (आधी पैसे भरून मग वापरायचं मीटर) घ्या. थकबाकी असली तर मात्र जुना सप्लायर तुम्हाला जाऊ देण्याआधीच आडवा येऊ शकतो. स्कोअर उत्तम पण तीन महिन्यांचं बिल तुंबलेलं, असा माणूस अडकतो. स्कोअर रसातळाला पण या कंपनीचा हिशोब चोख, असा माणूस सुटतो. आपण नेमके कुठल्या रांगेत आहोत ते आधी ठरवा, मग पुढचं वाचा.

वीज घेण्यासाठी क्रेडिट कशाला तपासतात? कर्ज थोडंच मागतोय?

मागतोय की. आधी वापरायचं आणि मागाहून पैसे द्यायचे, म्हणजे वाण्याकडची वहीच ती. आपल्याकडे महावितरण कोणाचा स्कोअर बघत नाही, कारण ती सगळ्यांकडून सुरक्षा ठेव घेऊन बसलेली असते आणि वापर वाढला की "अतिरिक्त सुरक्षा ठेवी"चं वेगळं बिलही पाठवते. इथे सरसकट ठेव नाही, म्हणून माणूस पारखून घेतात.

मासिक डायरेक्ट डेबिटमध्ये, म्हणजे बँक खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापले जातात त्या पद्धतीत, ही उधारी चटकन दिसत नाही. वर्षभराच्या अंदाजाचे बारा सारखे हप्ते पाडतात. उन्हाळ्यात तुमचे पैसे त्यांच्याकडे साठतात आणि हिवाळ्यात बॉयलर ते गिळतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास खातं बऱ्याचदा उणे असतं, आणि तेव्हा तुम्ही गाशा गुंडाळून निघून गेलात तर नुकसान त्यांचं.

माझा सिबिल स्कोअर ८००च्या वर आहे. तो दाखवला तर चालेल?

नाही चालणार. गंमत अशी की भारतातली सिबिल ज्या ट्रान्सयुनियनची, त्याच नावाची संस्था इथेही क्रेडिटच्या नोंदी ठेवते, पण दोन्हींची दप्तरं वेगळी. पुण्यातलं गृहकर्ज तुम्ही वीस वर्षं वेळेवर फेडलं असेल, इथे त्याची दखल शून्य.

नव्याने आलेल्यांचं क्रेडिट खरं तर खराब नसतं, फाइल कोरी असते. संगणकाला मात्र कोरी फाइलही संशयास्पदच वाटते. ती भरायचा सगळ्यात सोपा आणि फुकटचा मार्ग बहुतेक भारतीयांना माहीतच नसतो: मतदार यादीत नाव घाला. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नोंदणी करता येते आणि मतही देता येतं. विद्यार्थ्यांनाही. भारतीय पासपोर्टला धक्का लागत नाही. मतदार यादीतल्या नावामुळे "हा माणूस या पत्त्यावर खरंच राहतो" याची खात्री क्रेडिट संस्थांना पटते. अर्जात "खुली यादी" (कोणालाही विकत घेता येते ती) नको असं कळवलंत तरी बिघडत नाही, क्रेडिट संस्था पूर्ण यादी बघतात.

दुसरी भानगड आपल्या नावांची. पासपोर्टवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, बँकेने ते पहिल्या नावाला चिकटवलेलं, मोबाइल कंपनीने गाळलेलं आणि वीज कंपनीने त्यालाच आडनाव करून टाकलेलं. संगणकाच्या लेखी हे तीन इसम होतात. पत्त्याचंही तेच: एकीकडे "फ्लॅट २, १४", दुसरीकडे "१४ बी". एकच रूप पक्कं करा आणि सगळीकडे तेच लिहा. मला भेटलेल्या कित्येक "वाईट स्कोअर"वाल्यांचं मूळ दुखणं हेच निघालं.

फाइलमध्ये नेमकं काय असतं? आणि ते किती वर्षं राहतं?

इथे तीन मोठ्या संस्था आहेत: एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन. प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी, त्यामुळे "माझा स्कोअर अमुक आहे" हे वाक्य संस्थेचं नाव घेतल्याशिवाय अर्धवटच. शिवाय सप्लायर तुम्हाला ॲपमध्ये दिसणारा आकडा बघून निर्णय घेत नाही. तो नोंदी मागवतो आणि आपल्या गणिताने ठरवतो. म्हणूनच एकाने नाकारलं तरी दुसरा घेऊ शकतो.

डिफॉल्टची, म्हणजे बिल किंवा हप्ता थकवल्याची, नोंद सहा वर्षं राहते, पैसे नंतर भरलेत तरी. भरल्यावर "चुकते केले" असा शेरा पडतो, त्याने फरक पडतो पण नोंद पुसली जात नाही. इंग्लंड-वेल्समधल्या काउंटी कोर्टाचा निकाल, ज्याला सगळे सीसीजे म्हणतात, तोही सहा वर्षं. मात्र निकालापासून महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर तो नोंदवहीतून काढून टाकला जातो. कोर्टाचा कागद हातात पडला की हा एक महिना सोन्याचा समजा.

आपला अहवाल तिन्ही संस्थांकडून फुकट मागवता येतो. त्यांच्या संकेतस्थळावर दर महिन्याला पैसे कापणारी योजना पुढे पुढे करतील. तिची गरज नाही.

माझं काय झालं ते सांगतो. रेडिंगमधलं पहिलं भाड्याचं घर सोडलं, मीटरचं रीडिंग दिलं, नवा पत्ताही फोनवर सांगितला. शेवटचं बिल आलं ३८ पौंड ४० पेन्सचं, आणि ते गेलं जुन्या पत्त्यावर. स्मरणपत्रंही तिकडेच. तिथल्या नव्या भाडेकरूने ती रेडिएटरवर नीट रचून ठेवली होती, बिचाऱ्याने एकही उघडलं नाही. चार वर्षांनी नवीन सप्लायरकडे जायला निघालो तेव्हा त्याने अनामत मागितली, आणि तेव्हा मला कळलं की आपल्या नावावर डिफॉल्ट आहे. नवा पत्ता मी लेखी दिलेला नव्हता. फोनवर बोललेलं सिद्ध कसं करणार? पैसे भरले. नोंद आपली मुदत संपेपर्यंत राहिलीच. तेव्हापासून घर सोडताना मीटरचा फोटो आणि नवा पत्ता दोन्ही एकाच ईमेलमध्ये पाठवतो.

सध्याच्या सप्लायरची थकबाकी आहे. तो मला अडवू शकतो का?

साधं मीटर असेल, म्हणजे आधी वापर मग बिल, तर २८ दिवसांची रेघ लक्षात ठेवा. बिलाची थकबाकी २८ दिवसांपेक्षा जुनी असेल तर जुना सप्लायर आक्षेप घेऊ शकतो आणि पैसे भरेपर्यंत बदल थांबतो. त्याहून ताजी असेल तर अडवता येत नाही, ती रक्कम शेवटच्या बिलात येते.

घोळ कंपनीचाच असेल, म्हणजे चुकीचं रीडिंग किंवा दुसऱ्याच्या मीटरचं बिल, तर त्या थकबाकीवरून तुम्हाला रोखून धरणं योग्य नाही. ते लेखी मांडा.

प्रीपेमेंट मीटर असेल तर नियम निराळा, आणि तो तुमच्या बाजूचा. विजेची ५०० पौंडांपर्यंत आणि गॅसची ५०० पौंडांपर्यंत थकबाकी असली तरी तुम्ही जाऊ शकता. थकबाकी तुमच्यासोबत नव्या सप्लायरकडे जाते आणि तिथे टॉप-अपमधून हळूहळू वळती होते. लोकांना हे ठाऊक नसतं, आणि फोनवरचं माणूस आपणहून सांगेलच असं नाही. तुम्हीच विचारा.

घरात राहायला आलो तर आधीच्या भाडेकरूच्या नावाची वसुलीपत्रं येतायत. ती थकबाकी माझ्या डोक्यावर?

नाही. कर्ज माणसाचं असतं, भिंतींचं नाही. भाडेकराराची प्रत आणि किल्ली घेतल्या दिवसाचं रीडिंग पाठवलं की विषय संपतो.

एका सापळ्यापासून मात्र जपा. घरात प्रीपेमेंट मीटर असेल आणि आधीच्या माणसाची विजेची चावी किंवा गॅसचं कार्ड ड्रॉवरमध्ये सापडलं, तर ते घेऊन दुकानात पळू नका. त्यावर भरलेल्या पैशांतून त्याचं जुनं कर्ज फिटत राहतं. सप्लायरला फोन करून आपल्या नावाची नवी चावी, नवं कार्ड मागवा.

नवा सप्लायर अनामत मागतोय. द्यावी का?

आधी विचारा, किती आणि परत कधी. ऑफजेम, म्हणजे इथली नियामक संस्था, तिच्या परवान्याच्या अटींनुसार अनामत वाजवीच असली पाहिजे. तुम्ही प्रीपेमेंट मीटर घ्यायला तयार असाल आणि ते तुमच्या घरात सुरक्षितपणे बसवता येत असेल, तर अनामत मागताच येत नाही. परतीची अट लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर, खिशात रक्कम असेल आणि वर्षभरात परत मिळणार असेल तर द्यावी. पण त्यासाठी क्रेडिट कार्डावर पैसे काढणार असाल तर अजिबात नको. त्यापेक्षा दुसऱ्या सप्लायरकडे विचारा, किंवा स्मार्ट प्रीपेमेंट घ्या.

चार-पाच ठिकाणी अर्ज करून बघू का?

दर बघायला खुशाल बघा. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर पिनकोड आणि वापर टाकून दर पाहिल्याने फाइलवर ओरखडा उठत नाही. तपासणी होते ती नाव नोंदवताना. त्यातली काही वरवरची असते आणि फक्त तुम्हालाच दिसते, काही सखोल असते आणि इतरांनाही दिसते. एका आठवड्यात सखोल तपासण्यांची रांग लागली की पुढच्याला वाटतं, हा माणूस अडचणीत आहे. म्हणून अर्जाआधी चॅटवर विचारून घ्या, तपासणी कुठल्या प्रकारची आणि कुठल्या संस्थेकडून.

प्रीपेमेंट म्हणजे गरिबांचं महाग मीटर ना?

पूर्वी तसंच होतं. घरच्या मंडळींना सांगितलं की इथे आम्ही रिचार्ज करून वीज वापरतो, तर त्यांना महाराष्ट्रातला स्मार्ट प्रीपेड मीटरवरचा गदारोळ आठवतो आणि त्या काळजीत पडतात. पण इथलं चित्र गेल्या काही वर्षांत बदललंय. एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने स्टँडिंग चार्जमधली (वापर असो-नसो, रोज लागणारा ठरावीक आकार) तफावत मिटवली आणि आता प्रीपेमेंटची दरमर्यादा (ऑफजेम ठरवते तो कमाल दर) डायरेक्ट डेबिटपेक्षा जराशी खालीच असते. सगळ्यात महाग पडतं ते "बिल आलं की भरू" हे प्रकरण. बरेच लोक डायरेक्ट डेबिट मिळत नाही म्हणून ते घेतात आणि वर्षाला शंभरहून जास्त पौंड जादा मोजतात.

प्रीपेमेंटला क्रेडिट तपासणीची गरजच पडत नाही, उधारीच नाही तर पारखायचं काय? आणि मीटर प्रीपेमेंटचं आहे एवढ्यावरून फाइलवर डाग पडत नाही.

त्रास वेगळे आहेत. जुन्या धाटणीचं मीटर असेल तर पे-पॉइंटच्या दुकानात किंवा पोस्टात जाऊन चावी भरायची, पावसात, रात्री साडेनऊला, दुकान बंद व्हायच्या आत. स्मार्ट मीटर असेल तर फोनवरून भरता येतं, म्हणून पर्याय असेल तर स्मार्टच मागा. पैसे संपले तर थोडी आपत्कालीन उधारी मिळते, ती पुढच्या टॉप-अपमधून कापतात.

पण खरा चटका बसतो सुट्टीला. पाच आठवडे भारतात गेलात, घर बंद, एकही दिवा चालू नाही, तरी स्टँडिंग चार्ज चालूच. विजेचा रोजचा अर्धा पौंड किंवा थोडा वरच, गॅसचे तीसेक पेन्स. ३५ दिवसांचे मिळून तीस पौंडांच्या आसपास होतात. आमच्या ओळखीचं एक जोडपं मे महिन्यात सोलापूरला जाऊन आलं. बॅगा दारातच ठेवून नवरा दहा पौंडांचं गॅस कार्ड भरून आला, मीटरमध्ये खुपसलं, आणि पडद्यावर शिल्लक शून्याच्या खालीच. त्याला वाटलं कार्डच बिघडलं. दहा पौंड कुठे गेले हे शोधेपर्यंत मुलं गार पाण्याने आंघोळ करून झोपली. जाण्याआधी दोन्ही मीटरांत चाळीसेक पौंड टाकून ठेवा, हे त्यावरचं औषध.

जुनी थकबाकी मीटरवर चढवलेली असेल तर दर आठवड्याला ठरावीक रक्कम वळती होते. ती झेपत नसेल तर कमी करून मागता येते. सप्लायरने तुमची ऐपत बघूनच हप्ता ठरवायला हवा, असा नियम आहे. "सिस्टीममध्ये तसं होत नाही" हे उत्तर ऐकून फोन ठेवू नका.

सप्लायर जबरदस्तीने प्रीपेमेंट बसवू शकतो का?

थकबाकी फार झाली, संपर्कच तुटला, तर कोर्टाचं वॉरंट घेऊन बसवू शकतो. २०२३ मध्ये यावरून देशभर ओरड झाली, काही महिने ते बंद होतं आणि मग कडक अटींसह परत सुरू झालं. दोन वर्षांखालचं मूल असलेलं घर, किंवा ७५च्या पुढचं, घरात दुसरा आधार नसलेलं माणूस, अशांकडे ते बसवता येत नाही. घरात वैद्यकीय यंत्रावर अवलंबून असणारं कोणी असेल तरीही नाही. आई-वडील भारतातून राहायला आले असतील, घरात बाळ असेल, कोणी आजारी असेल, तर सप्लायरच्या प्राधान्य सेवा यादीत नाव घाला. ते फुकट आहे.

प्रीपेमेंटवरून साध्या मीटरवर परत कसं जायचं?

थकबाकी फेडा, काही महिने सुरळीत जाऊ द्या आणि मागणी करा. क्रेडिट तपासणी तेव्हा होईल. स्मार्ट मीटर असेल तर माणूस यावा लागत नाही, दुरूनच प्रकार बदलतात. तुमचा सप्लायर नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारा.

भाड्याच्या घरात राहतो. घरमालकाची परवानगी लागते का?

बिल थेट तुमच्या नावावर येत असेल तर सप्लायर निवडण्याचा हक्क तुमचा. करारात अमुक कंपनी ठेवा असं लिहिलेलं असलं तरी. घरमालकाला कळवावं, ते सौजन्यही आणि शहाणपणही. मीटरचा प्रकार बदलणार असाल तर मात्र विचारूनच, कारण घर सोडताना तो पूर्ववत करून मागू शकतो. बिल घरमालकाच्या नावावर असेल आणि तुम्ही त्याला भाड्यासोबत पैसे देत असाल तर बदलण्याचा निर्णय त्याचा. त्याला वीज-गॅस नफ्यावर विकता येत नाही एवढं माहीत असू द्या.

नव्या घरात पाऊल ठेवल्यापासून तुम्ही तिथल्या आधीच्या सप्लायरचे आपोआप ग्राहक होता. या आपसूक करारातून बाहेर पडायला दंड नाही. पण म्हणून गप्प बसू नका. पहिल्याच दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, मीटरचे फोटो काढा.

बायकोच्या नावाने खातं उघडलं तर? तिचं क्रेडिट चांगलं आहे.

हा प्रश्न नेहमी पुरुषच विचारतात आणि नेहमी बायको ऐकत नसताना विचारतात! दोघंही त्या घरात राहत असाल तर खातं कोणाच्याही नावावर असू शकतं. पण तुमच्या नावची जुनी थकबाकी तुमच्याच नावावर राहते, ती नाव बदलून मिटत नाही. थकबाकी चुकवायला त्याच घरात केवळ नाव बदललंय असा संशय आला तर सप्लायर भाडेकरार मागतो आणि प्रकरण लांबतं. आणखी एक: तुमचं दोघांचं संयुक्त बँक खातं असेल तर फायली एकमेकींना जोडल्या जातात आणि तुमचा डाग तिच्या फाइलवरही दिसू शकतो. तिला आधी सांगा. नंतर पत्रातून कळण्यापेक्षा ते बरं.

प्रत्यक्ष बदलायला किती दिवस लागतात? मधे वीज जाते का?

वीज जात नाही. तारा त्याच, पाइप तेच, मीटरही तेच. बदलतो तो फक्त बिल पाठवणारा. मुंबईच्या उपनगरात राहिलेल्यांना टाटा की अदानी ही निवड आठवत असेल, साधारण तसाच प्रकार.

जुलै २०२२ पासून बदल पाच कामकाजाच्या दिवसांत होतो. नोंदवल्यावर विचार बदलला तर १४ दिवसांत माघार घेता येते. हाताशी ठेवा: अलीकडचं बिल, वर्षाचा वापर किलोवॅट-तासात (पौंडांत नव्हे) आणि बिलावरचे मीटरचे क्रमांक. विजेच्या क्रमांकाला एमपॅन आणि गॅसच्या क्रमांकाला एमपीआरएन म्हणतात. बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरांचे फोटो घ्या, फोटोत मीटरचा अनुक्रमांकही यायला हवा. जुन्या सप्लायरने सहा आठवड्यांत शेवटचं बिल द्यायला हवं, आणि तुमची शिल्लक निघत असेल तर त्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत ती परत करायला हवी. नाही केली तर भरपाई.

प्रीपेमेंटवाल्यांनी बदलाच्या दिवशी मीटरमध्ये फार पैसे ठेवू नयेत. परत मिळतात, पण पाठपुरावा करावा लागतो.

बदलून खरंच पैसे वाचतात का?

कधी वाचतात, कधी नाही. २०२१ मध्ये घाऊक दर भडकले, एकामागून एक सप्लायर बुडाले, आणि त्यानंतर बरेच दिवस बदलण्यात काही अर्थच नव्हता. आता पुन्हा स्पर्धा दिसते.

ऑफजेमची दरमर्यादा दर तीन महिन्यांनी बदलते. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ साठी ती वर्षाला १,७५५ पौंड होती. बरेच जण समजतात की बिल याच्या वर जाणार नाही. चूक. मर्यादा असते युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर. तो आकडा वर्षाला २,७०० किलोवॅट-तास वीज आणि ११,५०० किलोवॅट-तास गॅस वापरणाऱ्या घरासाठी काढलेला होता. तुम्ही रात्रंदिवस हीटिंग चालू ठेवलंत तर बिल त्याच्या वर जाणारच.

क्रेडिट खराब असणाऱ्यांनी एक गोष्ट सगळ्यात आधी करावी, आणि तीच सगळे विसरतात: आहे त्याच सप्लायरकडे स्वस्त टॅरिफ आहे का ते विचारा. तुम्ही आधीच ग्राहक असल्याने नव्या ग्राहकासारखी छाननी बहुधा होत नाही. कोणी फिक्स्ड टॅरिफवर (ठरावीक मुदतीसाठी बांधलेला दर) असेल तर बाहेर पडायचा दंड बघा, पण मुदत संपायच्या आधीच्या ४९ दिवसांत तो लागत नाही.

एकदम दोन वर्षांचं बिल आलंय. ते भरल्याशिवाय जाता येणार नाही म्हणतात.

चूक तुमची नसेल तर बारा महिन्यांपलीकडच्या वापराचे पैसे ते मागू शकत नाहीत. २०१८ पासून हा नियम आहे. तुम्ही मीटर बघू दिलं नाही किंवा मुद्दाम लपवलं तर गोष्ट वेगळी. लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्याआधीच त्यांनी "आमचं हेच अंतिम उत्तर" असं कळवलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा. ते विनाशुल्क आहे आणि त्यांचा निर्णय तुम्ही मान्य केलात की सप्लायरवर बंधनकारक होतो. ऑफजेम एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिकडे ईमेल पाठवत बसू नका.

भरायला पैसेच नाहीत, तर?

आधी सप्लायरला सांगा. झेपेल असा हप्ता बांधून देणं त्यांना भागच आहे, आणि गप्प बसलेल्या ग्राहकापेक्षा बोलणारा त्यांनाही परवडतो. स्टेपचेंज आणि नॅशनल डेटलाइन या संस्था कर्जाबद्दल फुकट सल्ला देतात. इंग्लंड-वेल्समध्ये कर्जसल्लागारामार्फत ६० दिवसांची "ब्रीदिंग स्पेस" मिळू शकते, त्या काळात वसुलीची कारवाई थांबते. "तुमचं क्रेडिट दुरुस्त करून देतो" म्हणून पैसे मागणारे भेटतील. ते जे करतात ते तुम्ही एका ईमेलमध्ये फुकट करू शकता: नोंद चुकीची असेल तर संस्थेला कळवा, आणि नोंद खरी पण कारण वेगळं असेल तर दोनशे शब्दांचं स्पष्टीकरण फाइलला जोडा.

कायमचं भारतात परत चाललोय. शेवटचं बिल राहिलं तर काय बिघडतं?

शेवटचं बिल तुम्ही विमानात बसल्यावर येतं, तिथेच घोळ होतो. इथलं बँक खातं महिनाभर तरी चालू ठेवा आणि भारतातला पत्ता नको, ईमेल द्या. "आता कोण परत येतंय" म्हणून बिल सोडून गेलेले तीन वर्षांनी नव्या नोकरीवर, नव्या व्हिसावर परत आलेले मी पाहिलेत. वीस पौंडांचं डिफॉल्ट त्यांची वाट बघत फाइलमध्ये बसलेलं होतं.

आमच्या इमारतीत एकच मोठं बॉयलर आहे, गरम पाणी पाइपने येतं. सप्लायर बदलता येईल?

उष्णतेचा नाही, विजेचा येईल.

आणि उत्तर आयर्लंड?

तिथे ऑफजेम नाही, युटिलिटी रेग्युलेटर आहे, आणि वर लिहिलेली दरमर्यादा लागू नाही. घरोघरी कीपॅडचं प्रीपेमेंट मीटर हे तिथे इतकं नेहमीचं आहे की बेलफास्टला गेलेल्या एका मैत्रिणीला कोणी क्रेडिटबद्दल विचारलंसुद्धा नाही. टॉप-अपची पावती, त्यावरचा लांबलचक आकडा, आणि तो मीटरवर टिपताना मागून मुलगा मोठ्याने वाचून दाखवत असतो: सात, दोन, दोन, नऊ...